सायन्स कम्युनिकेशनला जायचंय? आधी आपल्या गावचा प्रश्न शोधा

विज्ञानाची पदवी झालेली, लिहायची-बोलायची आवड असलेली मुलंमुली सायन्स कम्युनिकेशनबद्दल, म्हणजे विज्ञान सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या कामाबद्दल, मला वर्षभर मेसेज करतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कुठलं कॉलेज चांगलं?" माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरावर यायला हवा. तुम्हाला बोलायचंय कोणाशी, आणि त्या माणसाला आज कुठली माहिती धड मिळत नाही, हे आधी ठरवा. एवढं ठरलं की कॉलेज, शिष्यवृत्ती, पुढची नोकरी यांची उत्तरं बरीच सोपी होतात.

मी सांगलीची. विलिंग्डन कॉलेजात बी.एस्सी., शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी., मग काही काळ नोकरी आणि त्यानंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात सायन्स कम्युनिकेशनचं एम.एस्सी. सध्या पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या संवाद विभागात काम करते. खाली जे सांगते आहे ते या वाटेवरून चालताना कळलेलं आहे.

प्रश्न कसा सापडतो

माझा प्रश्न पुराचा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या दिवसांत मोबाइलवर येणारे संदेश असायचे ते कोयनेतून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) विसर्ग सुरू आहे, अलमट्टीतून किती सोडलं आहे, असे. माझी आत्या कर्नाळ रोडला राहते. तिला एवढंच हवं होतं: आयर्विनला किती फूट होणार, आणि कधीपर्यंत? कारण आयर्विनला किती फूट झालं की आपल्या दारात पाणी येतं, हे तिथल्या घराघरात पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाचा आकडा वेगळा, गावभागातल्या माणसाचा वेगळा. धरणावरचा आकडा अचूक होता आणि दारातला आकडाही अचूक होता, पण दोघांची सांगड त्या क्षणी कोणी घालून देत नव्हतं. आत्याने सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं, हा निर्णय त्या सांगडीवर अवलंबून होता.

इंपीरियलला गेल्यावर पहिल्याच सत्रात समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांचा कंब्रियातल्या मेंढपाळांवरचा अभ्यास वाचायला मिळाला आणि मला आत्या आठवली. या विषयाचा कुठलाही चांगला अभ्यासक्रम तुम्हाला या अभ्यासापाशी आणतो, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. मेच्या सुरुवातीला इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियाच्या डोंगरांवर पाऊस पडला आणि पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम जमिनीवर आलं. जूनमध्ये मेंढ्या हलवायला आणि कापायला बंदी आली. शास्त्रज्ञ म्हणाले, तीन आठवड्यांत सगळं निवळेल. निवळलं नाही. त्यांचा हिशेब चिकणमातीच्या जमिनीवरून बांधलेला होता. तशा मातीत सीझियम घट्ट बसतं आणि गवतात चढत नाही. डोंगरावरची माती मात्र पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, आम्लधर्मी. तिच्यात सीझियम मोकळं राहतं, गवतात चढतं, गवतातून मेंढीत जातं आणि लेंडीतून पुन्हा जमिनीत येतं. मेंढ्यांना कुठे चरू द्यावं, काय खायला घालावं, याबद्दलचे सरकारी सल्लेही मेंढपाळांना पटेनात; मेंढी डोंगरावर कशी वागते हे त्यांना जन्मापासून माहीत होतं आणि ते कोणी विचारलं नव्हतं. तिथले शेवटचे निर्बंध २०१२ मध्ये उठले.

हा अभ्यास गाजला, कारण तोवर या क्षेत्राचा पाया वेगळा होता. १९८५ मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञान अकादमीने बॉडमर समितीचा अहवाल काढला. लोकांना विज्ञान कळलं की विज्ञानाला पाठिंबा मिळेल, असा त्यामागचा विश्वास. लोकांच्या डोक्यात ज्ञानाची कमतरता आहे आणि ती भरून काढायची, या समजुतीला 'डेफिसिट मॉडेल' म्हणतात. तुमच्या प्रवेशाच्या मुलाखतीत हा शब्द येणार, हे धरून चाला. पण नुसती व्याख्या सांगू नका, आपल्या गावातलं उदाहरण सांगा. पूर, बिबट्या, द्राक्षबागेवरची फवारणी, सर्पदंश, जायकवाडीचं पाणी. प्रत्येक तालुक्यात असा एखादा प्रश्न असतोच.

शिकवतात काय, आणि कुठे

पुष्कळांना वाटतं, हा सोपं लिहायला शिकवणारा कोर्स आहे. लेखन, ध्वनिमुद्रण, चित्रफीत, प्रदर्शनाची मांडणी हे सगळं असतंच. पण इंपीरियलसारख्या ठिकाणी तितकाच भर विज्ञानाच्या इतिहासावर, समाजशास्त्रावर आणि माध्यमांच्या अभ्यासावर असतो. प्रयोगशाळेतून आलेल्या मुलांना पहिले दोन महिने हे जड जातं. आकडे नसलेला, वीस पानांचा, एकाच युक्तिवादाचा निबंध वाचायची आपल्याला सवय नसते. जायच्या आधी असे थोडे निबंध वाचून गेलात तर त्रास वाचेल.

इंपीरियलचा अभ्यासक्रम १९९१ पासून चालू आहे आणि एका वर्षाचा आहे. मोठा फायदा जागेचा. सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम शेजारी, दोन्हींच्या कायमच्या दालनांना प्रवेश मोफत. तिथे शिकलेली एक गोष्ट तुम्ही आजही करू शकता. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये किंवा नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात एका प्रदर्शनवस्तूपासून थोड्या अंतरावर वही घेऊन बसा. कोण थांबतं, किती वेळ, पाटी आधी वाचतात की बटण आधी दाबतात, आजोबा नातवाला काय समजावतात, हे लिहून काढा. बहुतेक लोक बटण आधी दाबतात, काहीतरी हललं की मगच पाटीकडे बघतात, आणि पाटीची पहिली ओळ सोडून पुढे क्वचित जातात. पाटी लिहिणाऱ्याने हे तासभर बघितलं, की पहिल्या ओळीत काय घालायचं हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

इतर ठिकाणांपैकी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रातला अभ्यासक्रम १९८१ पासूनचा, पत्रकारितेकडे झुकलेला, आणि विज्ञानाची पदवी व संशोधनाचा अनुभव असलेल्यांसाठी. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि एमआयटी इथेही विज्ञानलेखनाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. ब्रिस्टलच्या यूडब्ल्यूई (युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंड) विद्यापीठाचा अभ्यासक्रम प्रत्यक्ष कार्यक्रम, लोकसहभाग याकडे जास्त झुकतो. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत १९९६ पासून या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे, पुढे पीएच.डी. करायची असेल तर ते जरूर बघा. बातमीदारी करायची असेल तर अमेरिका, संग्रहालय किंवा धोरणाकडे जायचं असेल तर ब्रिटन, असं मी ढोबळमानाने सांगते.

भारतात पर्याय कमी. कोलकात्यात राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने बिट्स पिलानीबरोबर २००५ मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला होता, संग्रहालयांसाठी माणसं तयार करणारा. काही विद्यापीठांत असे अभ्यासक्रम सुरू होतात आणि काही वर्षांनी बंद पडतात. म्हणून संकेतस्थळावर नाव दिसलं म्हणून फी भरू नका. विभागात फोन करा, यंदा वर्ग भरतो आहे का, शिकवायला पूर्णवेळ कोण आहे, मागच्या तुकडीतल्या कोणाशी बोलता येईल का, हे विचारा. परदेशी जाणं शक्य नसेल तर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता करून विज्ञान हे आपलं क्षेत्र ठरवणं ही चांगली वाट आहे. शिक्षणाच्या बाजूने यायचं असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते.

अर्जाच्या आधीचं वर्ष

अर्जात सगळ्यात जास्त वजन तुम्ही आधी केलेल्या कामाला असतं. ते मराठीत असलं तरी चालतं. सोबत इंग्रजीत चार ओळींचा गोषवारा आणि ते कोणासाठी लिहिलं होतं हे द्या. मी तर म्हणेन मराठीतच करा. इंग्रजीत लिहिणारे हजारो आहेत. सांगलीच्या बाजारपेठेतल्या माणसाला हवामानाचा अंदाज समजावून सांगितलेला अर्ज मात्र निवड समितीच्या लक्षात राहतो.

लिहायला जागा भरपूर आहेत. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, तिचे विभाग गावोगावी आहेत. 'सृष्टिज्ञान' १९२८ पासून निघतं. स्थानिक दैनिकांच्या पुरवण्यांना विज्ञानाचा नेमका मजकूर हवाच असतो. प्रत्यक्ष बोलायची सवय हवी असेल तर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, स्वयंसेवक म्हणून जा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. विज्ञान दिनाला तिथे आसपासच्या शाळांची मुलं आणि गावकरी लोटतात. रेडिओ दुर्बीण म्हणजे काय हे तिथे दिवसभर वेगवेगळ्या वयाच्या माणसांना सांगितलंत, तर संध्याकाळपर्यंत तुमची वाक्यं आपोआप छोटी होतात. मोबाइल बंद का ठेवायचा, हे गावातली पोरं पाहुण्यांना तुमच्याआधी सांगतात, तेही ऐका.

लेखनाचा नमुना कसा घासायचा याचं एक उदाहरण देते. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. विद्यार्थी मला जे मसुदे पाठवतात त्यात साधारण असं वाक्य असतं: "हॅलोआर्किया या लवणप्रिय सूक्ष्मजीवांद्वारे निर्मित कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे सरोवराच्या जलाचा वर्ण गुलाबी झाल्याचे संशोधनाअंती निष्पन्न झाले." यात चूक काही नाही. पण वाचकाच्या हाती नवीन नाव सोडून काहीच येत नाही. आता हे बघा:

"उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला. एवढ्या खाऱ्या पाण्यात बाकीचे जीव तग धरत नाहीत, पण हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव तिथेच फोफावतात. त्यांच्या अंगात गुलाबी रंग असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणलेला नमुना काही वेळ न हलवता ठेवला, तेव्हा हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं."

शेवटच्या वाक्यासाठी मी भांडेन. त्यातून रंग पाण्याचा नव्हता हे कळतं, आणि शास्त्रज्ञांना ते कशावरून कळलं हेही कळतं. तुमच्या प्रत्येक नमुन्यात "हे कशावरून कळलं" याचं एक तरी वाक्य असू द्या. असे तीन-चार लेख, एखादी ध्वनिफीत, एखाद्या कार्यक्रमाची नोंद, एवढं पुरे. पंचवीस लेखांची फाइल कोणी उघडत नाही.

एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या आपल्या निवेदनात, "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती" ही ओळ लिहू नका. मी पहिल्या परिच्छेदात आयर्विनचे फूट आणि कोयनेचे क्युसेक मांडले आणि मला यातलं काय शिकायचंय ते लिहिलं. एलओआर (शिफारसपत्र) देणारे प्राध्यापक आपल्याकडे बहुधा "तूच लिहून आण" म्हणतात. तसं झालं तर आधी त्यांच्यासमोर बसा, तुमच्या कामातल्या दोन-तीन नेमक्या गोष्टी त्यांना आठवून द्या आणि पत्र त्यांच्या शब्दांत येईल असं बघा. तीनही पत्रं एकाच हातची वाटली तर अर्ज तिथेच पडतो.

पैसा

हा मुद्दा घरी आई-वडिलांसमोर स्पष्ट मांडा: या पदवीनंतर लगेच मोठ्या पगाराची नोकरी मिळत नाही. पूर्ण कर्ज काढून लंडनला जाऊ नका, असंच मी प्रत्येकाला सांगते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडं मिळतं. त्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अर्ज ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेशाच्या बराच आधी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे अभ्यासक्रम नावाजलेला पण विद्यापीठ क्रमवारीत खाली, असं असलं तर ती हुकते. यादी करतानाच हे तपासा. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती पूरक म्हणून उपयोगी पडते.

तिकडेच नोकरी बघू, या भरवशावर हिशेब मांडू नका. ब्रिटनने २०२५ मध्ये शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणायचं जाहीर केलं. तुम्ही जाईपर्यंत नियम पुन्हा बदललेले असू शकतात.

नंतर काय

मी जे करते ते आधी सांगते, कारण भारतात या पदवीला साजेशा जागा आता सगळ्यात जास्त इथेच निघतात. संशोधन संस्था, आयसर, आयआयटी यांना संवाद अधिकारी लागतात. शास्त्रज्ञाचा शोधनिबंध स्वीकारला गेला की तो माझ्याकडे येतो. मी वाचते, मग त्यांच्याकडे जाऊन तीन गोष्टी विचारते: तुम्हाला स्वतःला आश्चर्य कशाचं वाटलं, यातलं काय अजून सिद्ध झालेलं नाही, आणि हे वाचून लोक कुठला चुकीचा अर्थ काढतील? तिसऱ्या प्रश्नावर शास्त्रज्ञ नेहमी थांबून विचार करतात, आणि प्रेस रिलीजचा सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद त्यातून निघतो. नियतकालिकाने एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेपर्यंत प्रसिद्धीबंदी, घातला असेल तर ठरलेल्या वेळेआधी एक ओळही बाहेर जाता कामा नये. मसुदा, शास्त्रज्ञांचे फेरफार, मग मराठी आणि हिंदी प्रत. मराठी प्रत मी इंग्रजीवरून कधीच करत नाही. शोधनिबंध समोर ठेवून ती नव्याने लिहिते.

या खुर्चीची जबाबदारी किती आहे, हे २०१४ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. ब्रिटनमधल्या वीस विद्यापीठांच्या आरोग्यविषयक ४६२ प्रेस रिलीज तपासल्या. त्यातल्या प्राण्यांवरच्या संशोधनाच्या रिलीजपैकी ३६ टक्क्यांत माणसांबद्दल फुगवलेला निष्कर्ष काढलेला होता. रिलीजमध्ये असं फुगवलेलं असेल तर ८६ टक्के बातम्यांतही ते आलं; नसेल तर फक्त १० टक्के बातम्यांत. आणि फुगवल्यामुळे बातम्या जास्त छापून आल्या, असा ठोस पुरावा मिळाला नाही. "जरा जोरदार करा ना" असं कोणी म्हणालं की मी हे आकडे पुढे ठेवते.

संग्रहालयांत क्युरेटर आणि शिक्षण अधिकाऱ्याच्या जागा निघतात, पण कमी आणि अनियमित. सरकारी आस्थापना कायमची असते असंही धरू नका. १९८९ मध्ये सुरू झालेलं विज्ञान प्रसार २०२३ मध्ये बंद झालं. पगार सगळ्यात बरा मेडिकल रायटिंगमध्ये: औषध कंपन्यांसाठी चाचण्यांचे अहवाल, शोधनिबंधांचे मसुदे, रुग्णांसाठीची पत्रकं. मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद इथे काम मिळतं, मात्र जीवशास्त्राची किंवा औषधनिर्माणाची पदवी लागते. माझे काही सहाध्यायी तिथे आहेत आणि रुग्णांसाठी नीट पत्रक लिहिणं हे मी मोलाचं काम मानते. पर्यावरण, आरोग्य, पाणी या विषयांवरच्या संस्थांनाही गावात जाऊन बोलू शकणारी माणसं हवी असतात. मराठी उत्तम असलेल्याला तिथे लगेच जागा मिळते.

स्वतंत्र विज्ञान पत्रकारिता मनाला सगळ्यात जास्त समाधान देते आणि खिशाला सगळ्यात कमी. मराठी नियतकालिकांचं मानधन तुटपुंजं असतं. रिसर्च मॅटर्ससारखी विज्ञानवार्ता देणारी मंडळी भारतीय संशोधनावर मराठीतही मजकूर काढतात, मोंगाबे इंडिया पर्यावरणावर इंग्रजीत आणि हिंदीत काढतं. सुरुवातीला आठवड्यातले काही दिवस पगाराचं काम आणि उरलेले दिवस लेखन, अशी विभागणी करा. काम घेताना चार गोष्टी ईमेलवर लिहून घ्या: मानधन किती, ते किती दिवसांत मिळणार, लेखावर नाव कोणाचं, आणि तोच मजकूर पुढे पुस्तकात किंवा पॉडकास्टमध्ये वापरायचा हक्क तुमच्याकडे राहतो का. फोनवर ठरलेलं असेल तर फोन ठेवल्यावर "आपलं असं ठरलं" असा ईमेल तुम्हीच टाका आणि त्यावर होकार आल्यावरच पहिली मुलाखत घ्यायला बाहेर पडा.